वाड्यात सापडलेलं खेळण्यातलं वाफेचं इंजिन: रंग मूळचा की नंतर मारलेला?

खिळेमोळे
शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नारायण पेठेतला आमचा वाडा आता पाडायला निघालाय. गेल्या आठवड्यात माळा रिकामा करताना पत्र्याच्या ट्रंकेत, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं खेळण्यातलं वाफेचं इंजिन सापडलं. आजोबांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे बापूंचं. बापू जीआयपी रेल्वेत (आताची मध्य रेल्वे), परळच्या वर्कशॉपात फिटर होते. इंजिन त्यांच्याकडे कुठून आलं हे सांगणारं आता आत्याशिवाय कुणी उरलं नाही, आणि आत्या कोल्हापूरला असते, फोनवर तिला धड ऐकू येत नाही.

इंजिन वीतभर लांब. हिरवी पत्र्याची बैठक, कडेने बारीक पिवळी रेघ. तिच्यावर विटांच्या नक्षीची भट्टी, भट्टीवर आडवा पितळी बॉयलर, बाजूला एक सिलिंडर आणि लाल आऱ्यांचं फ्लायव्हील. धुराडं सुटं आहे, तेही विटांचं, पण चांगलंच तुकतुकीत. बैठकीवरच्या छोट्या पट्टीवर 'जीबीएन' आणि 'बव्हेरिया' अशी अक्षरं आहेत.

मुंबईतल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला फोटो पाठवले. पाच मिनिटांत उत्तर: "पूर्ण रिपेंट आहे. शोपीस म्हणून घेतो." आणि जो आकडा सांगितला त्यात आमच्याकडे चौघांचं जेवण होईल, तेही मिसळीचं. विकायचं आहेच असं नाही. पण हे त्याला फोटोवरून कसं कळलं? आणि आपल्याला घरी कसं तपासता येईल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वाफाळ
शनिवार, रात्री ९:५८

वाचतोय. फोटो मोबाईलवर दिसत नाहीयेत.

चोरबाजारी
शनिवार, रात्री ११:१५

खिळेमोळे, अभिनंदन. आता तीन दिवस त्याला फडकं लावू नका. ओलं नाही, कोरडंही नाही. आणि पेटवून बघायचा मोह तर अजिबात नको. एवढ्या जुन्या बॉयलरचे जोड डाखाचे असतात. सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग गंजून अडकलेली असली तर खेळण्याचा सुतळी बॉम्ब होतो. बॉयलर पाण्याविना तापला तर डाख वितळून जोड सुटतात, मग डोकं धरून बसायचं.

त्या व्यापाऱ्याला फोटोवरून काय कळलं? धुराडं चमकतंय एवढंच. त्यावरून त्याने सगळ्या इंजिनाचा निकाल लावला, कारण तो निकाल त्याच्या सोयीचा होता. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर मी वीस वर्षं फिरतोय. 'रिपेंट आहे' हे वाक्य विकत घेताना ऐकू येतं. तीच वस्तू विकायला काढली की तोच माणूस 'एकदम ओरिजिनल' म्हणतो.

बरेच जण थेट भिंग घेऊन बसतात. मी आधी इंजिन चालताना डोळ्यांपुढे आणतो. हे तीस-चाळीस वेळा पेटवलं असेल तर रंग कुठे बिघडायला हवा? भट्टीत स्पिरिटचा दिवा जळतो. म्हणजे भट्टीच्या दाराभोवती आणि हवेच्या भोकांपाशी रंग आधी तपकिरी, मग काळा पडलेला हवा, जागोजागी फुगून पोपडे सुटलेले हवेत. स्पिरिट भरताना पोराच्या हातून सांडणारच, तर दिव्याच्या बाजूच्या बैठकीवर रंग विरघळून चट्टे पडलेले हवेत. सिलिंडर गरम तेलकट पाणी थुंकतो, त्याच्या खालचा रंग मातट दिसतो. आणि माझी सगळ्यात आवडती खूण: फ्लायव्हील फिरताना तेलाचे बारीक थेंब चाकाच्याच रेषेत उडतात. चाकाच्या पुढे-मागे बैठकीवर त्यांचा अरुंद तपकिरी पट्टा उमटतो. वर्षानुवर्षांत तो वाळून रंगात मुरतो, नखाने निघत नाही.

नकली जुनेपणा आणणारा माणूस कोपरे घासतो, कारण कोपरे घासायला सोपे. तेलाचा पट्टा त्याला सुचत नाही, कारण त्याने इंजिन कधी चालवलेलंच नसतं.

उद्या उजेडात इंजिन उलटं करा आणि हे बघा. बैठकीला भाग पत्र्याच्या जिभांनी बसवले असतील. जीभ खाचेतून घालून वळवायची, असं. कारखान्यात भाग बहुधा आधी रंगवून, भाजून, मग जोडत. तसं असेल तर जीभ वळलीय तिथे रंग तडकलेला दिसेल, आतला पत्रा डोकावेल. रंगाची साय वळणावरून अखंड गेली असेल तर तो जोडणीनंतर मारलाय. स्क्रूच्या खाचेत रंग साचलाय का तेही बघा. खाच एकच आडवी हवी. चौफुलीची खाच १९३० च्या दशकाआधी बाजारातच नव्हती, त्यामुळे तसा स्क्रू निघाला तर कुणीतरी नंतर हात घातलाय हे नक्की.

पेग्निट्झकाठी
रविवार, पहाटे २:३०

मी न्यूर्नबर्गला राहतो म्हणून राहवलं नाही. वेळेकडे दुर्लक्ष करा, आमच्याकडे अजून शनिवारच आहे.

जीबीएन म्हणजे 'गेब्रूडर बिंग, न्यूर्नबर्ग'. इग्नात्स आणि अडॉल्फ हे दोघे भाऊ. १८६० च्या दशकात घरगुती भांडीकुंडी आणि पत्र्याच्या वस्तू विकत सुरुवात केली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जगातल्या सर्वांत मोठ्या खेळणी कारखान्यांत त्यांची गणना होऊ लागली. पहिल्या महायुद्धानंतर नाव 'बिंग वेर्के' झालं आणि खुणेत बी आणि डब्ल्यू ही अक्षरं आली. म्हणजे तुमचं इंजिन साधारण युद्धाच्या आधीचं किंवा त्याच सुमाराचं. १९३२ पर्यंत सगळा कारभार आटोपला होता. इथल्या कार्लस्ट्रासेवरच्या खेळणी संग्रहालयात तुमच्या इंजिनाची भावंडं काचेआड बसलेली आहेत. सुट्टीच्या दिवशी पोरं काचेला नाक लावून उभी असतात, त्यांच्या मागे मीही.

मुंबईत कसं पोचलं असेल हे कोडं फार अवघड नाही. बिंगचा बराच माल इंग्लंडला जायचा. नॉर्थॅम्प्टनचे बॅसेट-लोक त्यांचा माल विकायचे, आणि लंडनच्या मोठ्या दुकानांच्या कॅटलॉगांत वाफेच्या खेळण्यांची पानंच्या पानं असायची. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा मुंबईत १८९१ मध्येच निघाली. काळा घोड्याला त्यांची इमारत आजही त्याच नावाने ओळखतात. अर्थात बापूंचं इंजिन तिथूनच आलं असं मी म्हणत नाही. बैठकीखाली 'मेड इन जर्मनी' असं कुठे दिसतं का बघा. इंग्लंडने १८८७ च्या कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं, म्हणून निर्यातीच्या मालावर ते असायचं.

एक सावधगिरी. जुन्या कॅटलॉगांची पुनर्मुद्रणं मिळतात आणि लोक त्यातलं चित्र बघून रंग जुळवतात. चित्रं बहुतेक काळ्या शाईची कोरीव चित्रं असतात. शिवाय कारखाना एकच मॉडेल वर्षागणिक वेगळ्या रंगात काढायचा. रंगाची छटा जुळली म्हणून अस्सल, नाही जुळली म्हणून नकली, असा हिशेब चालत नाही.

आता खरी गोष्ट. सगळे धुराड्याबद्दल बोलताहेत, पण तुमच्या फोटोत मला सगळ्यात संशयास्पद वाटला तो बॉयलर. समईसारखा चमकतोय! त्या काळच्या कितीतरी जर्मन इंजिनांचे पितळी बॉयलर कारखान्यात रसायनाने निळसर काळे केलेले असायचे, बंदुकीच्या नळीसारखे. तो रंग नाही, पितळेच्या पृष्ठभागावर चढवलेला अगदी पातळ थर असतो. पॉलिश लावलं की दोन मिनिटांत जातो आणि खाली पिवळंधमक पितळ उघडं पडतं. मग पुढच्या पिढीला वाटतं की ते मूळचंच तसं होतं.

खिळेमोळे
रविवार, सकाळी ८:०५

पेग्निट्झकाठी, वाचून पोटात गोळा आला. आमची आजी दर दिवाळीला देवाची भांडी काढायची तेव्हा 'बापूंचं ते पितळी' पण काढायची. चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख. हे मला बाबांनी आत्ता चहा पिताना सांगितलं, आणि वर कौतुकाने म्हणाले, "लख्ख करायची हो!"

वाफाळ
रविवार, सकाळी ८:११

आजीने जर्मनीला धुऊन काढलं :))

रंगारी
रविवार, सकाळी १०:२०

ठाण्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, म्हणून चार शब्द.

चोरबाजारींनी जिभांचं सांगितलं ते पटलं, पण एक पुरवणी. जिथे जोड डाखाचा आहे तिथे नियम उलटा होतो. डाख लावताना रंग जळतो, म्हणून असे भाग आधी जोडून मग रंगवत. तेव्हा डाखावरून अखंड रंग गेलाय यावरून काही सिद्ध होत नाही. जिभा आणि डाख वेगवेगळे तपासा.

त्या काळचा रंग म्हणजे तेल आणि राळेचं व्हार्निश, त्यात रंगद्रव्य, आणि वर भट्टीतली भाजणी. असा थर कडक असतो, वयानुसार ठिसूळ होतो. कड तुटते ती काचेसारखी. आपल्याकडे ज्याला सरसकट ड्युको म्हणतात तो नायट्रोसेल्युलोजचा रंग १९२० च्या दशकात मोटारींसाठी आला आणि तिथून सगळीकडे पसरला. युद्धाआधीच्या इंजिनावर तो असेल तर नंतरचाच. ओळख सोपी आहे: कापसाच्या काडीला थिनर लावून, बैठकीच्या खालच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागी एकदाच टेकवा. काडीला लगेच रंग आला, जागा चिकट झाली, तर ड्युको किंवा स्प्रेच्या डब्यातला रंग. भाजलेला जुना रंग सहसा तेवढ्या झटकन हार मानत नाही. पण हा प्रयोग वरच्या बाजूला, पिवळ्या रेघेवर किंवा अक्षरांवर करू नका, कधीच नाही. रेघा भाजणीनंतर हाताने ओढलेल्या असू शकतात आणि त्यांचं व्हार्निश नाजूक असतं.

त्यापेक्षा निरुपद्रवी चाचणी म्हणजे अतिनील दिवा. दुकानात नोटा तपासायला असतो तसला. घेताना ३६५ नॅनोमीटरचा घ्या. ३९५ चा स्वस्त मिळतो, पण त्याचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की बाकी काही दिसत नाही. विटांच्या मधल्या पांढऱ्या रेघा आहेत ना, त्यांच्यावर अंधारात दिवा मारा. जुन्या पांढऱ्या रंगात जस्ताचा पांढरा असेल तर तो हिरवट पिवळा उजळतो. टायटॅनियमचा पांढरा उजळत नाही, काळपट जांभळा दिसतो. टायटॅनियम डायऑक्साइडचं कारखानदारी उत्पादन पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत त्याने बाकीच्या पांढऱ्यांना मागे टाकलं. बापूंच्या इंजिनाच्या मूळ रंगात ते असायचं कारण नाही. तेल, मेण, फर्निचर पॉलिश हेही उजळतात. तेव्हा डाग उजळला म्हणून नाचू नका, रेघच्या रेघ बघा.

आगाऊ
रविवार, सकाळी ११:०२

एवढं कशाला? सराफाकडे सोनं तपासायचं क्ष-किरणांचं यंत्र असतं. त्यात ठेवा, शिसं निघालं की जुना रंग, विषय संपला.

रंगारी
रविवार, सकाळी ११:४०

आगाऊ, कल्पना हुशारीची आहे, पण दोन ठिकाणी फसते. सराफाचं यंत्र सोन्या-चांदीसाठी बेतलेलं असतं. रंगाच्या पातळ थरातलं शिसं आणि खालच्या डाखातलं शिसं यात फरक करणं त्याच्याकडून होणार नाही. डाखात शिसं असतंच.

आणि समजा रंगातलंच शिसं निघालं, तरी आपल्याकडे त्यावरून वय ठरत नाही. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० च्या आत हवं हा नियम भारतात २०१६ मध्ये अधिसूचित झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे २०१० साली कुणी पिवळ्या ऑइल पेंटचा हात मारला असेल तरी त्यात भरपूर शिसं असू शकतं. इंग्लंड-अमेरिकेतली माणसं 'शिसं म्हणजे जुना रंग' म्हणतात, ते त्यांच्या बाजारापुरतं. आपल्याला शिशाची माहिती हवी ती एवढ्यासाठी, की पॉलिश पेपर घेऊन घासायला बसू नये. ती धूळ पोरांच्या पोटात जाते.

आगाऊ
रविवार, सकाळी ११:४४

बरं काका. शब्द मागे घेतो.

मधलीआळी
रविवार, दुपारी १:१५

थोडं अवांतर. माझ्या मामाने बर्मिंगहॅमहून आणलेलं मॅमॉड कंपनीचं ट्रॅक्शन इंजिन (रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनाचं खेळणं) आहे, हिरवं अंग, लाल चाकं, वर पांढरं छत. ते पण असंच तपासायचं का? तेही लख्ख आहे, पण मामाने पेटवलंच नाही कधी. मामीने पेटवू दिलं नाही.

चोरबाजारी
रविवार, दुपारी १:५०

मॅमॉडची गोष्ट वेगळी. कंपनी १९३७ मध्ये बर्मिंगहॅमला निघाली आणि त्यांच्या इंजिनांचे सुटे भाग नवे मिळतात. चाकं, छत, धुराडं, चिकटवायची अक्षरं, सगळं. त्यामुळे तिथे रंग नंतरचा असण्यापेक्षा भागच नवा असण्याची शक्यता जास्त. अंग पिवळट हिरवं झालंय आणि छत मात्र दुधासारखं पांढरं, असं काही दिसलं तर समजा. खालचा दिवाही बघा. आधी स्पिरिटची वात होती, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरक्षेसाठी घन इंधनाच्या वड्यांची ताटली आली. इंजिन आधीचं आणि ताटली वड्यांची, तर कुणीतरी अदलाबदल केलीय.

तुमचं न पेटवलेलं असेल तर भट्टीच्या आतला पत्रा बघा. तिथे काजळी नसेल आणि रंगही लख्ख असेल, तर मामींचे आभार माना. मला खटकतं ते उलट प्रकरण: आत काजळीचा थर आणि बाहेर नवरीसारखा रंग.

खिळेमोळे
रविवार, रात्री ८:३०

आज अख्खा रविवार यात गेला. बायको म्हणते तुझं आणि त्या इंजिनाचं लग्न लावून देते. जे दिसलं ते सांगतो.

उलटं केलं. बैठकीच्या जिभा चार. चारही वळणांवर रंग तडकलेला, आत चकचकीत पत्रा. बैठकीखाली रंग पातळ, एका कडेला थेंब ओघळून गोठलेले. स्क्रू सगळे एकखाची, खाचांत रंग नाही, काळं तेल आहे. चाकाच्या रेषेत पट्टा आहे! आधी मला तो ओरखडा वाटला होता. चोरबाजारी, नखाने खरंच निघत नाही. पिवळ्या रेघेकडे भिंगातून बघितलं तर एका कोपऱ्यावर ती जाड झालीय आणि तिथे दोन टोकं एकावर एक आलीत, म्हणजे कुणीतरी कुंचला उचलून परत टेकवलाय.

भट्टी: दाराभोवती काळं, भोकांवर पोपडे. दिवा मारला (कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून नोटांचा आणला, त्याने तीनदा विचारलं काय तपासायचंय). भट्टीच्या विटांमधल्या रेघा फिकट हिरव्या-पिवळ्या उजळल्या. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

मग धुराड्यावर मारला. रेघा काळ्याठिक्कर. एकही उजळली नाही.

धुराड्याच्या तळाशी, जिथे ते भट्टीच्या गळ्यात बसतं, तिथे आधीपासून एक टवका उडालेला होता. भिंगाखाली तीन थर दिसले. वर तुकतुकीत विटकरी, त्याच्याखाली भडक शेंदरी, आणि त्याच्याखाली खड्डे पडलेलं काळं लोखंड. विटांच्या कडा भट्टीवरच्या विटांसारख्या धारदार नाहीत, गंजावरून रंग गेल्यासारख्या बोथट आहेत. बाकी इंजिनावर मात्र कुठेही टवका उडालाय तिथे थेट चकचकीत पत्रा आहे, शेंदरी नाही. हे शेंदरी काय?

आणि बॉयलर. त्याला भट्टीशी धरून ठेवणारी पितळी पट्टी आहे, ती किंचित सैल होती. तिच्याखाली, आजीचा हात पोचला नाही तिथे, करंगळीच्या नखाएवढा निळसर काळा पट्टा आहे. पेग्निट्झकाठी, तुमचं बरोबर होतं.

पेग्निट्झकाठी
रविवार, रात्री ८:५२

वा! तो पट्टा जपा. ती पट्टी परत काढू नका, हलवून हलवून तेवढंही जाईल.

रंगारी
रविवार, रात्री ९:१५

शेंदरी म्हणजे शेंदूरच, मारुतीच्या अंगावर असतो तो. शिशाचा ऑक्साइड, तेलात कालवून लोखंडाला गंज लागू नये म्हणून पहिला हात द्यायचा. पूल, डबे, टाक्या, सगळ्यांना तोच. खेळण्याच्या कारखान्याला त्याची गरज नव्हती, त्यांचा पत्राच कल्हई केलेला असायचा आणि त्यावर थेट रंग बसायचा. शेंदराचा हात देणारा माणूस हा गंजाशी रोज झगडणारा माणूस. तुमचे बापू कुठे होते म्हणालात? परळ वर्कशॉप.

क्रम असा लागतो: कल्हई गेली, लोखंडाला गंज लागून खड्डे पडले, मग कुणीतरी गंज खरवडून शेंदूर दिला, वर विटकरी, आणि मग टायटॅनियमच्या पांढऱ्याने रेघा. पांढऱ्यावरून सांगतो, हे काम बरंच उशिराचं. पण फक्त धुराडंच एवढं का गंजलं आणि बाकीचं इंजिन कोरडं कसं राहिलं, हे माझ्या रसायनाच्या बाहेरचं आहे.

चोरबाजारी
रविवार, रात्री ९:४०

म्हणजे हिशेब असा: बैठक, भट्टी, चाक अस्सल. बॉयलर अस्सल पण घासलेला. धुराडं मूळचंच दिसतंय, रंग नंतरचा. 'पूर्ण रिपेंट' म्हणणाऱ्याला हे सांगू नका. सांगितलंत तर उद्या फोन करून 'भाव वाढवतो' म्हणेल.

एक अनाहूत सल्ला. धुराड्यावरचा रंग काढून खाली मूळ रंग शोधायला जाऊ नका. टवक्यात दिसतंय की खाली काही उरलेलं नाही.

किल्लीवाला
रविवार, रात्री १०:०५

मी इथे असहमत. एका टवक्यावरून कसं ठरवता? गंज सगळीकडे सारखा नसतो. विटांच्या खोबणीत मूळ रंग तग धरून असू शकतो. जाणकाराकडून, सुरीच्या टोकाने, भिंगाखाली एक वीट उघडून बघायला हरकत काय? संग्राहक मूळ रंगाच्या चार ठिपक्यांना सुद्धा अख्ख्या नव्या रंगापेक्षा जास्त मान देतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

चोरबाजारी
रविवार, रात्री १०:२२

माहीत आहे. आणि एक वीट उघडून बघणारा माणूस दुसरी वीट उघडतो हेही माहीत आहे. मी स्वतः डॉल नावाच्या जर्मन कंपनीच्या एका इंजिनाचं धुराडं असंच संपवलंय. खाली काही निघालं नाही, वरचं गेलं, आता ते नागडं उभं आहे कपाटात.

किल्लीवाला
रविवार, रात्री १०:२५

ते तुमच्या हाताचं झालं, पद्धतीचं नाही.

खिळेमोळे
सोमवार, रात्री ७:१०

भांडू नका. आत्याशी बोललो. चुलतभाऊ तिच्याजवळ होता, त्याने माझं बोलणं तिच्या कानात ओरडून सांगितलं.

आत्या म्हणाली, ते धुराडं पानशेतात गेलं होतं.

१२ जुलै १९६१. आत्या तेव्हा नववीत. इंजिन माडीवर कपाटात होतं, पण धुराड्याचा जोड उकलला होता म्हणून बापू ते खाली ओसरीवर घेऊन बसले होते डाख द्यायला. तेवढ्यात धरण फुटल्याची आरोळी आली. सगळे हातात येईल ते घेऊन पळाले. बापूंनी डाखाची इस्त्री घेतली, धुराडं राहिलं. खालचा मजला पाण्यात गेला. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ. धुराडं आठ-दहा दिवसांनी शेजारच्या वाड्याच्या विहिरीजवळ, चिखलात उभं रुतलेलं सापडलं. आत्या म्हणाली, "मला वाटलं विहिरीचा पाइप आहे, मीच पाय देऊन बघितला."

बापूंनी ते खरवडलं. शेंदूर वर्कशॉपातला, असं तिला वाटतं. विटांच्या रेघा मात्र बापूंच्या नाहीत. त्यांचे हात तोवर कापायला लागले होते. त्या आत्याने ओढल्यात, शाळेच्या चित्रकलेच्या कुंचल्याने, दोन रविवार बसून. म्हणाली, "एका बाजूला वाकड्या झाल्यात, ती बाजू भिंतीकडे ठेवायचे बापू."

आत्ता जाऊन बघितलं. एका बाजूला खरंच वाकड्या आहेत. आणि टॉर्च मारून धुराड्याच्या आत बघितलं, तर वरच्या वळकटीत करड्या मातीचा कडक थर आहे.

रंगारी
सोमवार, रात्री ७:३२

माती काढू नका.

किल्लीवाला
सोमवार, रात्री ७:४०

माझी वीट उघडायची सूचना रद्द समजा.

वाफाळ
सोमवार, रात्री ७:४१

+१. आत्यांना नमस्कार सांगा.

पेग्निट्झकाठी
सोमवार, रात्री ११:५०

आत्यांनी सांगितलेलं तारखेसकट कागदावर लिहून काढा, त्यांची सही घ्या आणि इंजिनासोबत ठेवा. इथल्या लिलावांत मी पाहिलंय, 'नंतरचा रंग' असं नुसतं लिहिलेलं असलं तर कुणी वळून बघत नाही. रंग कुणी, कधी, का मारला हे कागदावर असलं तर लोक थांबून वाचतात.

खिळेमोळे
मंगळवार, सकाळी ९:०५

लिहून घेतो, पुढच्या महिन्यात कोल्हापूरला जातोच आहे. धुराडं घेऊन जाईन, तिला दाखवायला.

एक शेवटचा प्रश्न राहिला. स्पिरिटच्या दिव्यात पांढरट, दोरीसारखी वात आहे, टोकाला जळकी, हाताला तंतू लागतात. तीही जुनीच असेल ना? बदलू का?

रंगारी
मंगळवार, सकाळी ९:१२

हात लावू नका! त्या काळच्या वाती आणि सिलिंडरचं पॅकिंग बऱ्याचदा ॲस्बेस्टॉसचं असायचं, त्याचे तंतू श्वासातून जाणं धोक्याचं. थोडं पाणी शिंपडून ओलं करा, दिवा तसाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, हात धुवा. सविस्तर रात्री लिहितो. वेगळा धागा काढा, हा रंगाचा आहे.